पाहुण्या रोपांची बाग

माद्रिदला स्थायिक झालेल्या मुलाने गेल्या नाताळानंतर आम्हां उभयतांना तेनेरिफ बेटावर नेले. तेथील पुएर्तो दे ला क्रूझ या समुद्रकाठच्या गावी एक जुने वनस्पती-उद्यान आहे. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या आज्ञेने ते १७८८ साली स्थापन झाले. उष्ण प्रदेशांतून जहाजांनी आलेली रोपे येथे रुळवावीत आणि मग मुख्य भूमीवरील राजउद्यानांत न्यावीत, असा बेत होता. रोपे येथे रुजली. तिकडच्या थंडीत मात्र तगली नाहीत. बेत फसला, बाग राहिली.

बागेत लॉर्ड हो बेटाकडील जातीचा एक प्रचंड वृक्ष आहे. पारंब्यांचे खांब झालेले. सौ. म्हणाली, ‘‘हा तर आपला वड!’’ वड नव्हे. पण भाऊबंद खराच.

गावाबाहेर केळीच्या बागा दिसल्या आणि आमचे पाय थबकले. तोमास दे बेर्लांगा हे डोमिनिकन धर्मगुरू, पुढे पनामाचे बिशप झालेले. त्यांनी १५१६ साली याच बेटांवरून केळीचे कंद अटलांटिकपार हिस्पानिओलाला नेले, असे इतिहास सांगतो. वसईच्या आमच्या वाडीतल्या केळी विहीर खारी झाल्यापासून गेल्या. ती वाडी आता ठेवायची की विकायची, हे मुलाला विचारण्याचे आम्ही चार दिवस टाळत होतो.

त्यानेच विचारले, ‘‘पप्पा, विहिरीचे पाणी अजून खारेच का?’’

‘‘पावसाळ्यात जरा गोड होते,’’ आम्ही म्हणालो.