पडण्याची विद्या

वादळाने मोकळी केलेली घराची अख्खी दर्शनी भिंत विनोदी नट बस्टर कीटनवर कोसळते आणि तिच्यातील पोटमाळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या देहाभोवतून खाली उतरल्यामुळे तो जागच्या जागी उभा राहतो, हे ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ या 1928 च्या मूकपटातील दृश्य मी पुष्कळदा पाहिले आहे. परंतु परवा ते पाहताना माझी दृष्टी भिंतीवरून ढळली आणि त्याच्या पायांवर खिळली. भिंत खरी होती, वजनदार होती, आणि देह व चौकट यांच्यामध्ये अंतर होते ते काही इंचांचेच. जीवरक्षणाची वासना बुद्धीच्या हुकुमाची वाट पाहत नाही. मग तिची अवज्ञा करण्यास हे पाय शिकले कोठे?

1895 साली कॅन्सस प्रांतात जन्मलेला हा मुलगा अगदी कोवळ्या वयात आईबापांबरोबर रंगमंचावर उतरला; आणि त्यांचा खेळ तरी कसला, तर खोडकर पोराला बापाने उचलावे, पडद्यांवर, नेपथ्यावर, प्रसंगी वादकांच्या अंगावर भिरकावून द्यावे, आणि फेकणे सोयीचे जावे म्हणून त्याच्या अंगरख्याला पाठीवर प्रवासी पेटीची मूठ शिवून ठेवावी! बालसंरक्षक मंडळींनी तक्रारी गुदरल्या, अंमलदारांनी मुलाच्या अंगावर वळ शोधले. आणि त्या मुलाने मात्र दोन विद्या आत्मसात केल्या: पडताना आघात एका ठिकाणी न घेता सर्वांगाला वाटून द्यावा, आणि आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत, म्हणून मुद्रा निर्विकार ठेवावी. ती मुद्रा पाहून मला हसू येते आणि हसता हसता पाठीवरची ती मूठ आठवून जीव कासावीस होतो. या दोन्ही भावना एकाच क्षणी जागृत करणारा दुसरा विदूषक मला ठाऊक नाही.

‘द जनरल’ या मूकपटात प्रेयसीने झिडकारलेला कीटन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्नपणे बसतो, इंजिन हलते, दांडा त्याला घेऊन वर-खाली होऊ लागतो, आणि दुःखाच्या भरात त्याला त्याची वार्ताही नसते. चाके एकाएकी वेगाने फिरली असती तर प्राणावर बेतले असते. कॅमेरा दूर, स्थिर, सबंध देह चौकटीत घेऊन उभा. तुकडे जोडून केलेली लबाडी येथे नाही, आणि माझ्या मते या हास्याचे अर्धे सामर्थ्य त्या प्रामाणिक अंतरातच आहे.

‘शर्लॉक ज्युनियर’ या मूकपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी पाण्याच्या टाकीच्या नळातून कोसळलेल्या लोंढ्याने तो रुळावर आदळला, मानेचे हाड मोडले होते, हे वैद्यकीय तपासणीत उघडकीस आले ते अनेक वर्षांनी. पडद्यावर तो उठतो आणि धावत सुटतो.

त्याच काळातला दुसरा विनोदी नट हॅरल्ड लॉइड आपल्या मूकपटात उंच इमारतीवरील घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो तेव्हा त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी 1919 च्या एका स्फोटात गेलेली असतात, हातमोजा ते उणेपण झाकत असतो. त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. तथापि लॉइड आपल्याला त्याच्यासाठी भ्यायला लावतो, कीटन आपल्याकडे भीतीही मागत नाही आणि दयाही नाही, म्हणून माझा कौल कीटनला.