दात आंबले

चैत्रात आमच्या परसात कैऱ्या पडायच्या. विळीवर चिरलेल्या फोडी, वर मीठ-तिखट. पाचव्या-सहाव्या फोडीला दात आंबायचे आणि रात्री मऊ भाकरीचा पापुद्राही चाववत नसे. पीठ आंबतं, कामाने अंग आंबतं, तसेच कैरीने दात. या शब्दात एक दिलासा होता: सकाळपर्यंत उतरेल.

चाळिशीच्या आसपास माझे दात आंबले ते उतरेचनात. फ्रीजमधल्या पाण्याचा घोट घेतला की डावीकडच्या सुळ्यामागून कळ निघे ती थेट डोळ्यापर्यंत. पहाटे गार हवेत तोंड उघडलं तरी तेच. दात नीट घासले जात नसतील असं वाटून मी कडक ब्रश आणला, जोर लावला. कळ वाढली.

दाताच्या डॉक्टरांनी हातात आरसा दिला. हिरडी वर सरकली होती आणि तिच्या कडेशी एक पिवळसर खाच होती, नखाने कोरल्यासारखी. “भांडी घासल्यासारखे दात घासू नका,” त्या म्हणाल्या.

मला आजी आठवली. मागच्या दारी बसून ती राखेने पितळी तांब्या घासायची, आणि त्याच पायरीवर तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री बोटाने दातांना. चोळलं की स्वच्छ होतं, हे आमच्या घरात कुणी शिकवलं नाही, हातातच होतं. तंबाखूने तोंडाचं काय होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दात तांब्यासारखा नाही. वरचं इनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण त्यात जिवंत पेशी नसतात. झिजलं ते पुन्हा येत नाही. मुळावर तर ते नसतंच. त्याखालच्या डेंटिनमध्ये गाभ्याकडे जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी, द्रवाने भरलेल्या. या नळ्यांची तोंडं उघडी पडली की गार पाण्याने तो द्रव हलतो आणि आतली नस कळवळते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी उलगडलं. हे वाचलं तेव्हा दाताचा राग गेला. तो जिवंत होता, एवढंच सांगत होता.

किडीने, दाताला गेलेल्या तड्यानेही अशीच कळ येते, म्हणून आधी तपासून घ्यावं. गरम चहानंतर ठणका रेंगाळत असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर पेस्टच्या भरवशावर मुळीच राहू नये. माझं दुखणं तिथवर गेलं नव्हतं. मऊ ब्रश आला. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आली. ती नस शांत करते, पण सावकाश. पहिल्या आठवड्यात काही फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यात माठातलं पाणी न थबकता प्यायले.

आंबटानंतर लगेच ब्रश करायचा नाही, हे मला सर्वांत उशिरा कळलं. आंबटाने इनॅमल काही वेळ मऊ पडतं, तेव्हा घासलं तर तेच निघून येतं. साध्या पाण्याने चूळ भरावी, निदान अर्धा तास थांबावं.

यंदाही कैरी खाल्ली, दोन फोडी. चूळ भरली. रात्री हलक्या हाताने दात घासून झाल्यावर थोडी पेस्ट बोटावर घेतली आणि त्या खाचेवर टेकवली. आजीचं मिश्रीचं बोटही हेच, अंगठ्याजवळचं. मी ते फक्त टेकवून ठेवलं, चोळलं नाही.