पितळखोऱ्याच्या दरीत एक रात्र

आमच्या वस्तीतील विहारात दर पौर्णिमेला वंदना झाली की चहा होतो आणि चहाबरोबर पुढचे बेत होतात. बहुतेक बेत चहाबरोबरच संपतात. २०२४ साली मात्र एक बेत तडीस गेला. माघ पौर्णिमा त्या वर्षी २४ फेब्रुवारीला, चौथ्या शनिवारी आली होती. भगवंतांनी वैशालीला आपल्या महापरिनिर्वाणाची पूर्वसूचना दिली ती ही पौर्णिमा. ती या वेळी विहारात न करता एखाद्या लेण्याच्या सान्निध्यात करावी, असे ठरले. अजिंठा-वेरूळ बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले. म्हणून पितळखोरे निघाले. तिथे लॉज नाही, हॉटेल नाही. मग राहायचे कुठे? एक तरुण म्हणाला, तंबू टाकू.

घरी हे सांगितले तेव्हा माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तंबूत राहायला पैसे देऊन जायलाव व्हय रे? फुकटात राहिलो तेवढं पुरं झालं नाही?"

मी गप्प बसलो. कारण ती म्हणत होती ते खरे होते.

आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावात गणपतीचे विसर्जन उशिरापर्यंत चाललेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांना भूकंपापेक्षा दगडांनी मारले. दोन-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, त्यावर लाकडी माळवद आणि माळवदावर वर्षानुवर्षे टाकलेला मातीचा थर. आमच्या गावात छपराखाली, पत्र्याखाली झोपलेली पुष्कळ माणसे खरचटून बाहेर आली आणि मोठ्या वाड्यातली आत राहिली. आमचेही पूर्वी छप्परच होते. पण वडिलांनी दोनच वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने दोन खणांचे दगडी घर बांधले होते. आम्ही अंगणात झोपलो होतो. आजी मात्र आत होती.

त्यानंतर ताडपत्रीखाली आठ महिने काढले. पहिल्याच दिवसांत पावसाने झोडपले. मदतीच्या रांगेत आमच्या वस्तीचा नंबर शेवटी लागे. पुढे पत्र्याचे शेड मिळाले, मग पुनर्वसनाचे घर. पण तंबू म्हटले की मायला ती ताडपत्री आठवते, तिच्या कडेने आत येणारे पाणी आठवते. आपल्या समाजात अशी घरे थोडी नाहीत. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत नांदेडकडची आपली माणसे जीव मुठीत धरून रात्र-रात्र रानात बसली. आजही ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सहा-सहा महिने कोपीत काढतात. उघड्यावर झोपण्यात आपल्याला नवल ते काय? शहरातले लोक ज्याला मौज म्हणतात ती आपण बिनमौजेची भोगलेली आहे.

तरी माय आली. नात चालली म्हणून आली.

आम्ही एकवीस जण होतो, त्यात सात लेकरे. पाच तंबू : चार एका शाळेच्या स्काउट मास्तरांकडून मागून आणलेले आणि एक मी दोन हजार दोनशेला विकत घेतलेला. शुक्रवारी रजा टाकून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने नांदेडहून निघालो, दुपारी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), तिथून एस.टी.ने कन्नड. रात्री एका विहारात मुक्काम. शनिवारी सकाळी दोन जीप ठरवून पठारावर गेलो.

तंबूची हौस असणाऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. पितळखोऱ्याची लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि भोवतालचे जंगल १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रम घाट अभयारण्यात मोडते. लेण्यात मुक्काम करता येत नाही आणि अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. आम्ही हद्दीबाहेर, काढणी झालेल्या एका शेतात जागा मागितली. आमच्यातले पदवीधर, नोकरदार सारेच पुढे जायला कचरत होते. परक्या गावात पाणी मागताना आमच्या पिढीचाही घसा जरा कोरडा पडतो. शेवटी एक वहिनी पुढे झाल्या आणि सरळ म्हणाल्या, "दादा, आम्ही नांदेडचे बौद्ध लोक आहोत. लेणी पाहायला आलोत. रात्रीपुरती जागा आणि बोअरचं पाणी द्याल का?" शेतकरी म्हणाला, "राहा. फक्त कडब्याजवळ जाळ करू नका आणि बाटल्या टाकू नका. येणारे लोक दारूच्या बाटल्या टाकून जातेत." वहिनी म्हणाल्या, "आमचं पाचवं शीलच ते आहे." तो हसला. ते त्याला कितपत समजले कोण जाणे, पण पैसे त्याने घेतले नाहीत.

फेब्रुवारीतला हा मुलूख ओसाड दिसतो. साग पानगळीने उघडा पडलेला, गवत पिवळे, पायाखाली काळा खडक आणि मुरूम. सातमाळ्याचे पठार एकाएकी तुटते आणि खाली खोल घळ उघडते. पावसाळ्यात तिथे धबधबा कोसळतो, आता कड्यावर नुसता ओला डाग होता. दुपारी ऊन चटका देते आणि रात्री गोधडी पुरत नाही. तंबूच्या खुंट्या जमिनीत जाईनात. दगडावर दगड आपटून दोन वाकल्या. आमच्यातले एक जण तरुणपणी ऊसतोडीला जात असत. त्यांनी खुंट्यांचा नाद सोडायला लावला. मोठे धोंडे आणून दोऱ्या त्यांना गुंडाळल्या, दार वाऱ्याच्या उलट बाजूला केले, पाचही तंबू अर्ध्या तासात उभे. स्काउटच्या पुस्तकातले ज्ञान तसेच पिशवीत राहिले.

लेकरांना खाली घळीत, सपाट वाळूवर तंबू हवा होता. हद्दीचा प्रश्न सोडला तरी घळीत कधी झोपू नये. वर लांब कुठे पाऊस झाला तर आपल्या डोक्यावर थेंबही न पडता पाण्याचा लोंढा येतो. कड्याच्या अगदी खालीही झोपू नये, दगड सुटतात. कड्याला आग्या मोहोळाची पोळी असतात, त्यामुळे धूर, उदबत्ती, आरडाओरड करू नये. जंगलात बिबट्या आहे, तेव्हा अंधार पडल्यावर लेकरांनी एकटे लांब जाऊ नये. आणि प्यायला, चुलीला मिळून माणशी पाच लिटर पाणी बरोबर असावे. आमच्याकडे ते होते ते बोअरमुळे.

संध्याकाळी धपाटे, ठेचा आणि वरण-भात झाला. पूर्वेला चंद्र आला तसा सगळा माळ उजळला, बॅटऱ्या बंद केल्या. त्रिशरण-पंचशील झाले. मग मी लेकरांना विचारले की भिक्खूंनी लेणी अशा आडबाजूला का कोरली असतील. एक म्हणाला, लपायला. खरे तर उलट आहे. तेव्हा ही आडबाजू नव्हतीच. गोदावरीकाठच्या पैठणहून सातमाळ्याचा घाट उतरून उत्तरेकडे जाणारी व्यापाऱ्यांची वाट या बाजूने होती. भिक्खू वर्षातले बरेच महिने चालत. झाडाखाली राहणे हा तर त्यांच्या चार निश्रयांपैकी एक. पावसाचे तीन महिने मात्र एका जागी वर्षावास करायचा, त्यासाठी निवारा हवा. वस्तीचा गलबला नको, पण भिक्षेला गाव हवे. घळीत दोन्ही जमते. चीनमध्ये गोबी वाळवंटाच्या काठी दुनहुआंगला असेच झाले. कोरड्या नदीच्या कड्यात इ.स. ३६६ पासून लेणी कोरली गेली आणि त्यांना दान देणाऱ्यांत वाळवंट तुडवणारे व्यापारी होते. दरी, वाट आणि वाटसरूचे दान, हे इथून तिथपर्यंत एकच.

झोपायची वेळ झाली. माझ्या मनात दिवसभर धाकधूक होती की माय तंबूत शिरणार नाही, रात्रभर बाहेर बसून राहील. तिने सतरंजी झटकली, नातीला पलीकडे सरकवले आणि आडवी झाली. पाच मिनिटांत घोरू लागली.

जागा राहिलो तो मी. वारा सुटला की कापड फडफडे आणि मला ताडपत्रीचा आवाज ऐकू येई. घड्याळ पाहिले तर पावणेचार. तीन छप्पन्न होईपर्यंत मी डोळे मिटले नाहीत. तीस वर्षे होऊन गेली, दिवसभर कचेरीत जमाखर्च जुळवणारा माणूस मी, पण कुठे बाहेर मुक्काम असला की ही वेळ मला उठवते. माय कुशीवर वळली आणि झोपेतच नातीच्या अंगावर गोधडी ओढली. चार वाजून गेले तेव्हा मला झोप लागली.

सकाळी पायऱ्यांनी दरीत उतरलो. घळीच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा लेणी आहेत. त्यातली जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे अजिंठ्याच्या अगदी आरंभीच्या लेण्यांच्या जोडीची. इथला खडक ठिसूळ आहे. चैत्यगृहाचा दर्शनी भाग केव्हाच कोसळून गेला आहे, त्यामुळे आतले खांब उघडे पडलेत. शेजारच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे आणि दाराशी भाले घेतलेले दोन द्वारपाल आहेत. लेकरे हत्ती मोजू लागली.

माय मात्र अंगणाच्या पुढे येईना. मी म्हणालो, "चल ना माय, आत खांबावर जुनी रंगीत चित्रं आहेत."

तिने वर पाहिले. "हा दगड पडला तो कधी रे?"

"शेकडो वर्षं झाली असतील."

"पडला ना पण?"

मग म्हणाली, "तंबूचं काय, कापड पडलं तर पडलं. उचलून बाजूला करता येतंय." आणि हत्तींच्या समोर उन्हात बसली. मला वाटत होते तिला तंबूची भीती आहे. तीस वर्षे एका घरात राहून मला हे कळले नव्हते. नांदेडच्या आमच्या स्लॅबच्या घरात ती उन्हाळा-हिवाळा दाराजवळच का झोपते, तेही तिथे, त्या दगडापाशी उभा असताना ध्यानात आले.

माझी मुलगी नववीत आहे. तिने चैत्यातल्या खांबावर ब्राह्मी अक्षरे शोधून काढली. पितळखोऱ्याच्या लेखांत कोणाची नावे आहेत? पैठणचा मितदेव, गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांच्या घरातला. त्याने खांब दिला. पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दुसरा दिला. शेजारच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याची मुलगी दत्ता हिचे नाव आहे. मुलीचेही नाव! पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात इथला ढिगारा उपसला. इथे मिळालेली यक्षाची बुटकी, हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडवणाऱ्याचे नाव आहे : कण्हदास, सोनार. ज्याने घडवले त्याने स्वतःचे नाव हातावर घातले आणि कोणी त्याला अडवले नाही.

मुलगी धावत बाहेर आजीकडे गेली. "आज्जी, आत खांबावर लिहिलंय, हा खांब पैठणच्या अमक्यानं दिला!"

"म्हणजे आपल्या विहारातल्या पंख्यासारखं?"

आमच्या विहारात प्रत्येक पंख्याच्या पात्यावर, फरशीवर, स्टीलच्या टाकीवर रंगाने लिहिलेले असते : अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. याला मी अनेकदा हसलो आहे. दारातली एक फरशी आजीच्या नावाची आहे. वडिलांनी दिली.

"हो, तसंच," मुलगी म्हणाली. "आणि पैठणची गोदावरीच पुढे आपल्या नांदेडला येते."

माय उठली. चार पावले पुढे आली, जिथे छत सुरू होते तिथे थांबली. तिथूनच हात जोडून तिने वंदना म्हटली, आत चैत्यात आम्ही म्हटली. तिचा आवाज दरीत आमच्यापेक्षा मोठा घुमत होता. आत ती आली नाही. आम्हीही आग्रह केला नाही.

तंबू गुंडाळताना शेतात कागदाचा कपटाही ठेवला नाही. शेतकऱ्याने लेकरांना ओंजळभर हरभरे दिले. रात्रीच्या गाडीत माय विचारत होती, तो आपला तंबू केवढ्याचा. मी खरी किंमत सांगितली, कमी करून सांगण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, महाग नाही.

घरी आल्यावर मी तो माळ्यावर टाकणार होतो. तिने टाकू दिला नाही. आता तो दाराजवळ, तिच्या खाटेखाली असतो.