कनेरगांव नाक्यावरचा पाडवा

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी आगगाडी वाशिम सोडून पुढें निघाली, म्हणजे थोड्याच वेळांत कनेरगांव नाका नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. २००८ सालीं मीटरगेज जाऊन या मार्गावर ब्रॉडगेज आली, तरी लांबच्या प्रवाशांपैकीं बहुतेकांस या स्टेशनाचें नांव ठाऊक नसतें. माझे आतेबंधु येथें शेती करतात. गेल्या गुढीपाडव्यास त्यांच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला, आणि ज्या विषयाचा या गांवाशीं कांहींच संबंध नाहीं असें कोणासही वाटेल, त्या विषयाचा विचार मला तेथेंच करावा लागला. तोच वाचकांपुढें मांडण्याचा हेतु आहे.

पैनगंगा ही येथील सीमा. तिच्या एका अंगास वाशिम जिल्हा आणि दुसऱ्या अंगास हिंगोली. दोन्ही अलीकडचे, अनुक्रमें १९९८ व १९९९ सालीं निर्माण झालेले. परंतु १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन होईपर्यंत ही सीमा याहून पुष्कळच खरी होती. पलीकडे वऱ्हाड, इकडे निजामाचें राज्य. नदीचें पाणी एक, बोली एक, सोयरीक एक. राज्यें मात्र दोन. गांवाच्या नांवांतील 'नाका' हा शब्द अद्याप त्याची आठवण देतो. चैत्रांत नदी रोडावलेली असते. हरभरा घरांत आलेला, हळद उकडून अंगणांत वाळत पडलेली, आणि शेतकऱ्याच्या डोक्यांत पुढच्या वर्षाचा हिशेब चालू, असे हे दिवस.

या भागांत पाडवा म्हणजे केवळ गुढी व कडुनिंबाचा पाला नव्हे. सालगड्याचें साल या दिवशीं संपतें व नवें साल ठरतें. वर्षभर एका धन्याच्या शेतांत राबावयाचें, त्याबद्दल ठराविक रक्कम घ्यावयाची, तींतील कांहीं आगाऊ उचलावयाची, असा हा करार असतो. पूर्वीं तो धान्यावर व थोड्या रोकडीवर भागे. आतां सालाचा आंकडा लाखाच्या पलीकडे गेला आहे. आणि दहा-बारा एकरांच्या धन्यास तो झेपेनासा झाला आहे.

दादांच्या घरीं त्या दिवशीं हाच विषय होता. नऊ वर्षें त्यांच्याकडे असलेला गडी या पाडव्यास एका मोठ्या बागाईतदाराकडे जावयास निघाला होता. दादा संतापले होते. "घरच्यासारखा वागवला," ते म्हणाले, "त्याच्या पोरीच्या लग्नांत मी उभा राहिलों. आणि चार पैशांसाठीं चालला! माणसाला इमान म्हणून राहिलें नाहीं."

कोणी कांहीं बोललें नाहीं. श्रीखंड-पुरीचें जेवण झालें आणि रात्रीं आम्ही ओसरीवर बसलों. दादांचे चिरंजीव कोल्हापुरास इंजिनियरिंगचें शिक्षण घेतात व सणासाठीं घरीं आले होते. कोल्हापुरास ते एका लहान पेठेच्या मंडळांतून फुटबॉल खेळतात, हें मला माहीत होतें. त्यांनीं जरा संकोचानेंच सांगितलें, "बाबा, पुढच्या हंगामासाठीं मला एका मोठ्या मंडळाचें बोलावणें आलें आहे. खोलीचें भाडें आणि खाणावळ निघेल, इतके पैसे देतो म्हणतात."

"मग विचार कसला करतोस?" दादा ताडकन् म्हणाले. "होय म्हणून टाक."

आंतून वहिनींचा शांत आवाज आला, "अहो, आणि इमान?"

दादा गप्प झाले. मला हंसूं आलें. पण त्या एका शब्दानें आमची झोप उडाली, हेंही खरें.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनीं पाहिला नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. तेथें हा खेळ तालमींच्या व पेठांच्या आश्रयानें वाढला. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशीं हीं नांवें. सामना शाहू स्टेडियममध्यें असला, म्हणजे अख्खी पेठ तिकडे लोटते. एके काळीं गल्लींतला मुलगा गल्लीच्या मंडळांतून खेळे आणि त्याचा मोबदला म्हणजे पेठेंतला मान. पुढें बक्षिसांच्या रकमा वाढल्या, बाहेरगांवचे खेळाडू आले, नायजेरियासारख्या दूरच्या देशांतूनही आले. खेळाडूला मानधन मिळूं लागलें, आणि मंडळामंडळांत चढाओढ लागली. मोठ्या पेठेस मोठे देणगीदार असतात. लहान मंडळाची मदार चार दुकानदार व जुने खेळाडू यांच्या वर्गणीवर.

चिरंजीव म्हणाले, "काका, आमच्या मंडळानें एक वर्षी ईर्षेनें बाहेरचे तीन खेळाडू आणले. त्यासाठीं कर्ज काढलें. चषक मिळाला नाहीं; कर्ज मात्र दोन वर्षें फेडीत होतों. त्या दोन वर्षांत लहान मुलांसाठीं नवे चेंडूसुद्धां घेतां आले नाहींत."

लहान संघांची ही अडचण एकट्या कोल्हापुराची नाहीं. इंग्लंडांत १९०१ सालीं खेळाडूंच्या वेतनावर आठवड्यास ४ पौंडांची कमाल मर्यादा घालण्यांत आली. ती हळूहळू वाढत २० पौंडांपर्यंत गेली आणि १९६१ सालीं खेळाडूंच्या संघटनेनें संपाची धमकी दिल्यावर रद्द झाली. त्याच वर्षीं फुलहॅम संघाच्या जॉनी हेन्सला आठवड्यास १०० पौंड मिळूं लागले. दुसऱ्याच वर्षीं कर्जानें बेजार झालेला ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा लहान गांवचा संघ हंगामाच्या मध्येंच लीगमधून बाहेर पडला. पुढें १९९५ सालीं युरोपच्या न्यायालयानें बोस्मन नांवाच्या खेळाडूच्या दाव्यांत निकाल दिला कीं, करार संपलेल्या खेळाडूस दुसरीकडे जातांना जुन्या संघानें पैसे मागूं नयेत. खेळाडू मोकळा झाला. लहान संघाचें मात्र उत्पन्नाचें एक साधन गेलें.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या काळांत इंग्लंडांतील लहान संघ सुखानें नांदत होते, त्या काळांत हजारों प्रेक्षकांच्या तिकिटांवर खेळ चाले आणि खेळणारा मात्र कारखान्यांतील कुशल कामगाराएवढ्या पगारावर राही. संघानें सोडल्याशिवाय त्यास दुसरीकडे जातांही येत नसे. लहान घराचें तें स्वास्थ्य गड्यास बांधून ठेवून मिळविलेलें होतें. वेतन वाढलें यांत अन्याय नाहीं. उलट जुना अन्याय दूर झाला. प्रश्न इतकाच, कीं तो दूर झाल्यावर लहान घरानें जगावें कसें?

आपल्याकडे याचीं निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं. पहिलें उत्तर नोकरीचें. ज्या हैदराबादच्या राज्यांत कनेरगांव एके काळीं होतें, त्या शहराच्या पोलिसांचा संघ १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकीत होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे गुरु. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतानें फुटबॉलचें सुवर्णपदक मिळविलें, तें त्यांच्याच हाताखालीं. त्या खेळाडूंस मोठें मानधन नव्हतें, पण पोलिसांतील नोकरीचा आधार होता. मुंबईंत टाटा, एअर इंडिया, महिंद्र यांच्या संघांनींही पुष्कळांस असाच आधार दिला. परंतु हें उत्तर एकाच आश्रयदात्यावर टेकलेलें असतें. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीगचा विजेता. कंपनीनें तो २०१० सालीं बंद केला.

दुसरें उत्तर शर्यतींतून बाजूस होण्याचें. गोव्याच्या धेंपो क्लबानें पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें होतें. २०१४ सालीं धनाढ्य मालकांची इंडियन सुपर लीग निघाली आणि जुनी आय-लीग दुय्यम ठरविण्याचा बेत पुढें आला. तेव्हां २०१६ सालीं धेंपो, साळगांवकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनींही आय-लीग सोडली. मात्र धेंपोनें दार लावून घेतलें नाहीं. गोव्याच्या स्थानिक स्पर्धांत तो खेळत राहिला, पोरें तयार करीत राहिला, आणि २०२४-२५ च्या हंगामांत पुन्हां आय-लीगमध्यें उतरला.

तिसरें उत्तर मला सर्वांत मोलाचें वाटतें. खेळाडू विकत घेण्यापेक्षां घडवावा. आणि तो मोठा होऊन गेला, तर घडविणाऱ्यास त्याचा वांटा मिळावा. २०१७ सालीं भारतांत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. तींत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. असा मुलगा पैशांनीं तयार होत नाहीं; त्यास लहानपणीं मैदान, चेंडू आणि रोज संध्याकाळीं शिकविणारा कोणी लागतो. जगाच्या फुटबॉल महासंघानें २००१ पासून असा नियम केला आहे, कीं करार चालू असतां खेळाडू एका देशांतून दुसऱ्या देशांत विकला गेला, तर किंमतीचा शेंकडा ५ हिस्सा, त्याच्या वयाच्या १२ पासून २३ वर्षांपर्यंत ज्यांनीं ज्यांनीं त्यास शिकविलें, त्या संघांत वांटला जावा. हा नियम देशोदेशींच्या व्यवहारांचा. दोन पेठांमधील व्यवहारास तो लागू नाहीं. तथापि त्यांतील तत्त्व कोणत्याही पेठेस मानतां येईल.

दादा हें सर्व ऐकत होते. शेवटीं म्हणाले, "म्हणजे गडी जातो यांत त्याचा दोष नाहीं, आणि मला परवडत नाहीं यांत माझाही नाहीं."

"दोष ईर्षेचा," मी म्हटलें. "बागाईतदाराशीं बोली लावून तुम्ही कर्ज काढलेंत, तर तो दोष तुमचा."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादांनीं गड्यास बोलावलें. हिशेब चुकता केला, उचलीची उरलेली बाकी सोडून दिली, नवें धोतर व टोपी दिली आणि म्हणाले, "सुखानें जा. अडचण आली तर हें घर आहे." गड्याच्या डोळ्यांत पाणी आलें. तो नुसता उभा राहिला. मग वहिनींच्या पायां पडून गेला. दुपारीं दादा शेजारच्या दोन शेतकऱ्यांकडे जाऊन आले. तिघांनीं सावड करावी, म्हणजे पेरणी-खुरपणीस एकमेकांच्या शेतांत मिळून राबावें, आणि हळदीचे दोन एकर बटईनें द्यावे, असें ठरलें. पंधरा वर्षांपूर्वीं मोडलेली रीत पुन्हां सुरू होत होती. यंदा उत्पन्न कदाचित् कमी येईल. सावकाराचें दार मात्र दिसणार नाहीं.

निघण्याच्या दिवशीं चिरंजीव मला पोंचवावयास स्टेशनावर आले. मीं विचारलें, "मग काय ठरलें?"

"बाबा म्हणाले, तूं ठरव," ते म्हणाले. "पण जाणार असशील, तर आमच्या चिटणीसांस आधीं समोर जाऊन सांग, दुसऱ्याच्या तोंडून त्यांना कळूं देऊं नकोस. आणि गेलास तरी रविवारीं सकाळीं जुन्या मंडळाच्या मुलांस शिकवावयास जात जा, असेंही म्हणाले."

"आणि तुमचें मन?"

"जाईन असें वाटतें, काका. पैशांची गरज आहे. पण रविवार मीं देऊन टाकला आहे."

पॅसेंजर आली. मी गाडींत चढलों, आणि ती सुटेपर्यंत ते खिडकीशीं उभे राहून मंडळांतल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या डाव्या पायाचें कौतुक सांगत होते.