तपासणी सगळ्याजणींनी मिळून

सरकारी दवाखान्यात तपासणीच्या दिवशी गरोदर बाईची अर्धी मजुरी रांगेत जाते आणि डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत वजन, रक्तदाब, गोळ्या, सूचना एवढं उरकतं. बाईच्या मनातलं मनातच राहतं. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून हे मला फार खुपतं.

अमेरिकेतल्या शॅरन शिंडलर रायझिंग या प्रसूतितज्ज्ञ परिचारिकेने १९९० च्या दशकात यावर वेगळी वाट काढली. साधारण एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या आठ ते बारा जणींचा गट करायचा. वजन-रक्तदाब त्यांनीच मोजून लिहायचा, पोटाची तपासणी त्याच खोलीत आडोशाला करायची आणि उरलेला दीड-दोन तास बोलायचं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १,०४७ जणींच्या अभ्यासात मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण नेहमीच्या तपासणीत १३.८ टक्के, तर गटात ९.८ टक्के दिसलं.

मोखाड्याकडच्या एका अंगणवाडीत अशा बैठकीत मी लोहाच्या गोळ्यांचा विषय काढला. सगळ्या गप्प. मग पहिलटकरीण हळूच म्हणाली, "गोळ्यांनी पोर मोठं होतं, मग सुटका होत नाही म्हणतात." मी उत्तर देणार, तोच शेजारची दोन लेकरांची आई बोलली, "मी दुसऱ्या खेपेला सगळ्या खाल्ल्या. शी काळी होते, घाबरायचं नाही. रात्री जेवून घे, वर चहा नको." चहाने लोह अंगी लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. पण तिच्या तोंडून ते पटलं, कारण ती त्यातून गेली होती.

झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेने २००५ ते २००८ या काळात याच बळावर काम केलं. तिथे तपासणी नव्हती आणि बैठका गावातल्या सगळ्या बायकांना खुल्या होत्या. गावातलीच एक बाई चित्रं, खेळ, गोष्टींतून चर्चा घडवायची. अडचण कोणती आणि उपाय काय, हे बायका ठरवायच्या. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी राहिले. हात धुऊन बाळंतपण करणं, नाळ स्वच्छ पात्याने कापणं, निव्वळ अंगावर पाजणं, असे साधे बदल त्यामागे होते.

नुसतं गोल बसवून मात्र भागत नाही. रवांडात ३६ आरोग्य केंद्रांवर गट-तपासणीची चाचणी झाली; गर्भारपणाचा कालावधी वाढला नाही. बांगलादेश, भारत, मलावी आणि नेपाळमधल्या महिला-गटांच्या सात चाचण्यांचा २०१३ साली एकत्रित आढावा झाला. जिथे निदान ३० टक्के गरोदर बायका गटात आल्या, तिथे नवजात मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले होते. चार-दोन जणींपुढे भाषण देऊन गावाची रीत बदलत नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. गटाकडे डॉक्टरांचा वेळ वाचवायची युक्ती म्हणून बघू नका. बैठक पाड्यावर घ्या, मजुरीची वेळ टाळा, सासूलाही बोलवा. आशाताईंना माहितीपत्रक वाचायला लावण्यापेक्षा ऐकून घेण्याचं प्रशिक्षण द्या आणि त्या वेळेचा मोबदलाही द्या. डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गाडी कुणाची, सोबत कोण, थोरलं पोर कुणाकडे, हे गटात आधी ठरलं असेल तर रात्री-अपरात्री आई वेळेवर दवाखान्यात पोचते. तिचा जीव वाचवण्यासाठी माझी विद्या तिथून पुढे कामाला येते.