चिठ्ठी न चिकटवता

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, पेशाने भाषेची शिक्षिका. पण लहान गावच्या शाळेत विषय निवडून मिळत नाहीत, म्हणून काही वर्षं सहावीचं विज्ञानही माझ्याकडे होतं. घन, द्रव, वायू... मुलं एका सुरात म्हणायची. या तिघांच्या अधेमधेही काही असतं, हे मी सत्तरी ओलांडल्यावर वाचलं. वाचायला कारण घडलं ते धाकट्या बहिणीच्या आजारपणाचं.

तिला अंडाशयाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली. आता दर तीन महिन्यांनी रक्तातलं सीए-१२५ नावाचं प्रथिन तपासायचं. आकडा ३५ च्या आत असला की साधारण ठीक. रक्त तालुक्याला घेतात, नमुना शहरात जातो, रिपोर्ट दोन दिवसांनी. ते दोन दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. "आला का गं आकडा?" एवढंच.

एका रक्ताच्या तपासणीला एवढं काय लागतं, म्हणून भाचीला विचारलं. तिने सोप्या भाषेत सांगितलं. नेहमीच्या पद्धतीत काचेवर किंवा प्लास्टिकवर प्रतिपिंडं बसवलेली असतात. ती रक्तातलं हवं ते प्रथिन पकडून ठेवतात. पण पकडलेलं दिसणार कसं? म्हणून त्याला एन्झाइमची किंवा चमकणाऱ्या रंगाची एक 'चिठ्ठी' चिकटवायची. मग धुवायचं, आणि यंत्राने रंग किंवा उजेड मोजायचा. ही चिठ्ठी टाळता आली तर काम सोपं होईल, यासाठी जे प्रयत्न चालले आहेत त्यातला एक द्रवस्फटिकांचा.

द्रवस्फटिकाची गोष्टही मजेशीर आहे बरं का! १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख राइनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होता. ते १४५.५ अंशाला वितळलं, पण गढूळच राहिलं. १७८.५ अंशाला स्वच्छ झालं. म्हणजे वितळण्याचे दोन टप्पे! मधल्या अवस्थेत ते द्रवासारखं वाहतं, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे शिस्तीत एका दिशेने उभे असतात. टीव्ही आणि कॅल्क्युलेटरच्या एलसीडी पडद्यात हीच जात.

आता शाळेतली प्रार्थनेची रांग आठवा. सगळी मुलं ताठ. पुढच्या एकाला कुणी ढोसलं की गडबड पार शेवटपर्यंत पोचते. इथे तसंच होतं. काचेवर असा लेप देतात की स्फटिकाचे रेणू ताठ उभे राहावेत. वर-खाली एकमेकांना आडवी अशी दोन ध्रुवक भिंगं ठेवली की सगळं काळं दिसतं. काचेवरच्या प्रतिपिंडांनी प्रथिन पकडलं की रेणूंची रांग मोडते, उजेड आरपार येतो आणि काळ्यात चमकदार ठिपके उमटतात. चिठ्ठी नाही, एन्झाइम नाही. अमेरिकेत निकोलस अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे तत्त्व दाखवलं. तैवानच्या संशोधकांनी पुढे याच मार्गाने सीए-१२५ टिपलं.

हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहे. पण उद्या तालुक्याच्या दवाखान्यात तासाभरात उत्तर मिळालं, तर आमच्यासारख्या किती घरांचे ते दोन दिवस वाचतील!

तरीही एक गोष्ट मनात ठेवायला हवी. उजळलेली काच एवढंच सांगते की कुणीतरी येऊन बसलंय. का आलंय, ते ती सांगत नाही. सीए-१२५ पाळीत, गरोदरपणात, गर्भाशयाच्या साध्या गाठींतही वाढतं. आणि कर्करोगाच्या सुरुवातीला पुष्कळदा वाढतही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर निरोगी बायकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. ही रक्ततपासणी नेमाने केलेल्या गटात काही रोग लवकर सापडले, पण मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. सापडणं आणि वाचणं यात अंतर आहे ते असं.

शिक्षकी पेशात मी 'ढ' ही चिठ्ठी पोरांना जन्मभर चिकटलेली पाहिली आहे. बहिणीलाही नातेवाइकांनी एक चिकटवलीच. हळदीकुंकवाला बोलावणं येईनासं झालं. रक्तातल्या प्रथिनाला चिठ्ठी न लावता ओळखता येतं, मग माणसाला का नाही?

आणि बायांनो, पोट सतत फुगतंय, दोन घासांत भरतंय, ओटीपोट दुखतंय, असं काही आठवडे चाललं तर अंगावर काढू नका. काचा उजळतील तेव्हा उजळतील, डॉक्टर आजही आहेत.