आबांच्या मळ्यातलं

नखी. पत्र्याची, धार लावलेली, अंगठ्याच्या टोकावर बसणारी. विड्याचं पान खुडायला ती लागायची. नुसत्या बोटांनी ओढलं तर देठ तुटतो, पण वेल हिसकते. आबांच्या उजव्या अंगठ्यावर तिचा वळ कायमचा उमटलेला होता. ते गेल्यावर दिवळीत दोन नख्या सापडल्या. मोठी त्यांची, बारीक आजीची.

पानमळा. निमगाव केतकीत आजही पानमळे आहेत आणि पानांचा बाजारही आहे. आमचा मळा गावाच्या थोडा अलीकडे, बारामतीच्या बाजूला. तिथली वेल मात्र एका उन्हाळ्यात उतरवली गेली ती परत चढलीच नाही.

उतरण म्हणजे काय हे आमच्या घरातल्या तरुण पोरांना आता सांगावं लागतं. पानवेल शेवरीच्या नाहीतर शेवग्याच्या आधाराने वर चढते. वर गेली की खालचा भाग उघडा पडतो आणि पान बारीक येतं. मग वर्षातून एकदा सगळी वेल सोडवून खाली घ्यायची, वेटोळं करून बुडाशी मातीत आणि शेणखतात पुरायची, फक्त शेंडा बाहेर ठेवायचा. त्या पुरलेल्या कांड्यांना नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा नव्या जोमाने चढते. आजारी माणसाला खाटेवरून उतरवावं तसे आबा वेल उतरवायचे, एक हात शेंड्याखाली आणि एक बुडाशी. पुन्हा बांधायला लव्हाळा. तो पाटाच्या कडेला भरपूर मिळायचा. आदल्या रात्री भिजत घालायचा म्हणजे गाठ मारताना तुटत नाही. गाठ घट्ट नको, वेलीला वाढायला जागा हवी. आम्हा नातवंडांना बांधणीला बसवायचे, पण उतरणीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मळ्यात शिरताना चपला बाहेर. वैशाखात बाहेर अंग भाजायचं आणि आत पाऊल टाकलं की माती गार लागायची. कळीचं पान वेगळं, फापडा वेगळा. करंडीला आतून केळीचं पान, वरून ओलं फडकं.

एका वर्षी मर रोगाने वाफ्यामागून वाफे सुकले. त्यातून वाचलेल्या वेलींची उतरण करायला माणसं मिळेनात. शेजारी सगळा ऊस झाला होता. उसाला कारखाना ठरलेला, तोडणीला टोळी ठरलेली. आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ऊस लावायचा ठरवला तेव्हा आबा नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या वयाच्या माणसाने मुलाच्या संसाराचा हिशेब बघून गप्प बसणं हे मला आज फार मोठं वाटतं.

चंची. खणाच्या कापडाची, आजीने शिवलेली. पान विकत आणून तीत ठेवायची वेळ आली तेव्हा आबांनी पान खाणं सोडलं.

पाळी. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचं काम निघालं आणि १८८५च्या सुमारास बारामतीच्या कोरड्या माळावर पाणी खेळू लागलं. मागे भाटघरचं धरण होतं. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता असताना त्यांनी मांडलेली ब्लॉक पद्धत याच कालव्यावर रुजली. 'आमचा ब्लॉक' हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी परवापर्यंत होते. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याकडून पाळी कळायची, आणि ती बहुतेक वेळा रात्रीचीच निघायची. इंदापूरकडे कालवा संपत येतो. वरच्यांचं भिजून उरेल तेव्हा आपलं, हे इथल्या माणसाला जन्मापासून ठाऊक.

कंदील, फावडं, घोंगडं. आबा दारं धरायचे. वाफा भरला की चिखलाचा नि गवताचा एक बोळा इकडून काढून तिकडे दाबायचा. कंदील बांधावर ठेवलेला असायचा, तो आम्हाला भीती वाटू नये म्हणून. त्यांना स्वतःला उजेड लागत नसे. अनवाणी पायाला पाणी कुठवर चढलंय ते कळायचं. आजी भाकरी घेऊन यायची आणि तिथेच बांधावर टेकायची. दोघं काय बोलायची ते आम्हाला झोपेत अर्धवट ऐकू यायचं. कुठल्या लेकीकडे काय पोचवायचं, कुणाच्या फीचं काय, कुणाचं दुखणं अजून उतरलं नाही. घरात माणसांचा राबता इतका असे की ही बोलणी पाण्याच्या पाळीलाच व्हायची.

अप्पासाहेब पवारांनी १९७१मध्ये बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा केला. शारदानगरला ठिबकवरची शेती बघायला गावोगावची माणसं गेली, तसे आबाही गेले. घरी आल्यावर म्हणाले, "मुळापाशी पाणी पडतंय, हे ब्येस झालं. पण बांधावरच्या लिंबाला आता कोण पाजणार?"

ठिबक योग्यच. इथल्या जमिनी पाटाच्या मोकाट पाण्याने खारावल्या, त्या मी पाहिल्या आहेत. पण बांधावरचे कडुलिंब, करंज, हादगा, बांधाच्या कडेची कर्दळ आणि गुलबक्षी ही सगळी मंडळी पाटातून झिरपलेल्या पाण्यावर जगत होती. कुणी त्यांना मुद्दाम पाणी घातलं नव्हतं. ती गेली तीही कुणी मुद्दाम तोडली म्हणून नव्हे.

गणेश डाळिंब. पुण्यात गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी आळंदी जातीतून १९३६मध्ये ते निवडलं. लखनौ-४९, म्हणजे आपला सरदार पेरू, तोही त्यांनी तिथेच निवडला. आमच्या भागात दोन पिढ्यांनी खाल्लेलं डाळिंब आणि पेरू एकाच माणसाच्या नजरेतून उतरले, याची आपल्याला पुरेशी जाण नाही. गणेशची साल पिवळसर, दाणा फिकट गुलाबी, बी मऊ. दात नसलेली पणजीसुद्धा खायची. राहुरीच्या विद्यापीठाचा भगवा २००३मध्ये आला. लालबुंद, जाड सालीचा, लांबच्या प्रवासाला टिकणारा. इंदापूर तालुक्यात त्याने घरं बांधली, पोरं शिकवली. गणेश गेला.

बहाराआधीचा ताण. आबा झाडाचं पाणी तोडायचे आणि पानगळ कुठवर आलीय ते बघत रोज एक फेरी मारायचे. आता पानगळीला औषध आहे.

पुंड्या ऊस. पोरांसाठी विहिरीच्या कडेला चार बेटं. दाताने सोलता येणारा.

रामफळ, रायआवळा, ईडलिंबू, महाळुंग. एकेकच झाड. लोणच्याचं ईडलिंबू आख्ख्या भावकीला एका झाडाचं पुरायचं.

गुऱ्हाळ. बारामतीच्या गुळाच्या पेठेचं नाव होतं, तेव्हा दर शिवारात धूर दिसायचा. काहिलीत बुडवून काढलेलं उसाचं कांडं, त्याला धरलेला पाक, हे आमचं चॉकलेट.

पळसदेवचा शेंदऱ्या. आजीचं माहेर जुनं पळसदेव, भीमेच्या काठी. उजनीचं पाणी येणार हे ठरलं होतं, माणसं उठून वर नव्या गावठाणात चालली होती. धरण १९८०मध्ये झालं. आजी माहेरच्या परसातल्या आंब्याविषयी घरात एक शब्द बोलली नव्हती. आबांनीच मनावर घेतलं. कोयीपासून वाढवलेली रोपं मडक्यांत घालून बैलगाडीने पळसदेवला नेली. झाडाला बांबूचा माचा केला, त्यावर मडकी चढवली. रोपाच्या खोडाची आणि झाडाच्या कोवळ्या फांदीची साल बोटभर तासून एकाला एक चिकटवली आणि सुतळीने आवळली. भेट कलम धरायला दोन-अडीच महिने लागतात आणि तोवर मडकं सुकून चालत नाही. घर आवरायच्या, भांडीकुंडी हलवायच्या घाईत आजीचे भाऊ रोज शिडी लावून मडक्यांना पाणी घालत राहिले. आबा मधूनमधून जाऊन बघून येत. सांधा धरला तशी फांदी तिकडून कापली, आणि भाताच्या काडात बसवून मडकी घरी आणली.

त्यातलं एक जगलं. आंबा काही थोर नव्हता. रेषा होत्या, कोय मोठी होती, रस पातळ होता. पण खांद्याला शेंदरासारखा रंग चढायचा. पहिला पाड आजीच्या हातात द्यायचा हा घरातला नियम होता. आजीने तो चोखून खाल्ला की मग बाकीच्यांनी. पाणी फार ओसरतं त्या उन्हाळ्यात पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि लोक होडीतून बघायला जातात. आजी कधी गेली नाही. "माझं इथं हाय की," म्हणायची.

आजीनंतर आबा होते तोवर झाड होतं. नंतर कोरड पडली, मोहोर येईना, खोड पोखरलं. त्याचं कलम आम्ही कुणी केलं नाही. भेट कलम बांधता येणारं माणूस घरात राहिलं नव्हतं. आणि रोपवाटिकेत केशर तयार मिळत होता.

दौंडची छोटी गाडी. १९१४मध्ये सुरू झालेली अरुंद रुळांची. आत्या दौंडला. आबा बारामतीला येऊन ओळखीच्या माणसाच्या पायाशी डालगं ठेवत, आणि पलीकडे आत्याचा मुलगा ते उतरवून घेई. त्यात पेरू, शेवग्याच्या शेंगा आणि तळाशी कर्दळीच्या पानात गुंडाळलेली आजीची चटणी. रूळ रुंद झाले, गाडी मोठी झाली. डालगं आता जात नाही.

रांजण. तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, अंथुर्णे करत निमगाव केतकीला मुक्कामी येते. रस्त्याच्या चिंचेखाली आबांचे रांजण आदल्या रात्रीच भरलेले असायचे, मातीत अर्धे पुरलेले आणि वाळा टाकलेले. रस्ता रुंद झाला, तेव्हा ती चिंच गेली. आता बाटल्यांचे खोके ठेवतात. देणारे तितक्याच भावाने देतात, त्यात फरक पडलेला नाही.

वानोळा. हे मी शेवटी ठेवलंय, कारण आबांचा अख्खा मळा मला आता त्याच्यासाठीच लावल्यासारखा दिसतो. बाजाराला काय जायचं ते जाई. पण तोडणीतलं पहिलं डालगं घरी यायचं आणि आबा ओसरीवर बसून त्याचे वाटे घालायचे. देवाचा, मग भावकीत ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल त्यांचा, मग बाळंतिणीचा, मग लेकींचा. ज्याच्याशी बांधावरून भांडण चालू असे त्याच्याकडेही जायचा, फक्त आबांऐवजी आजी द्यायला जायची.

आज आमच्याच मळ्यात भगव्याची बाग आहे. माल बाहेरच्या देशात जातो, फळात औषधाचा अंश किती हे तपासलं जातं, फवारणीचा तारीखवार हिशेब ठेवावा लागतो. चुलतभाऊ हे सगळं चोख करतो, त्याच्या कष्टाला तोड नाही. तेल्या रोगामुळे बाग दोनदा काढून त्याने पुन्हा लावली आहे. पण सुट्टीत पोरं बागेत शिरली की पहिली हाक येते, "हात लावू नका रं, काल फवारलंय." घरच्या पोराने झाडावरचं फळ तोडून तिथेच उभ्याने खायचं नाही, अशी ही आमच्याकडची पहिली बाग. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बाकी कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त.

विहिरीच्या कोपऱ्यात गणेशची चार झाडं अजून आहेत. ती आबांच्या हातची. त्यांना फवारणी नाही. सल्ला द्यायला येणारे दरवेळी सांगतात की हीच झाडं रोग आणतात, काढून टाका. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं चुलतभाऊही म्हणत नाही. झाडं मात्र त्याने काढलेली नाहीत. परवा त्याने मला फोन करून आत्याचा नवा पत्ता विचारला. फळं डागाळलेली आहेत, पण गोड निघाली आहेत, म्हणाला.